सिस्टर, माझं वय निघून गेलं का?

«सिस्टर, नमस्कार. तुमचं सदर मी नेहमी वाचते, लिहायचं धाडस आज झालं. मला ३३ पूर्ण झाली. कोरेगावजवळ (जि. सातारा) गावात राहते. २०१० ला बारावी आर्ट्स झाले, ५४ टक्के. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा. मिस्टरांचा टेम्पो आहे. सासूबाई अर्धांगवायूनं सव्वा वर्ष अंथरुणावर होत्या, त्यांचं सगळं मीच केलं. सुरुवातीला महिनाभर एक सिस्टर घरी यायच्या. नाकातल्या नळीतून पातळ कसं द्यायचं, कूस कशी बदलायची, सगळं त्यांनीच शिकवलं. दिवाळीआधी सासूबाई गेल्या, पण शेवटपर्यंत पाठीला एक जखम झाली नाही. डॉक्टर म्हणाले, तुम्ही नर्सच व्हायला हवं होतं. तेव्हापासून डोक्यातून जात नाही. मला सेवेची आवड आहे. मिस्टर म्हणतात, लोकांची घाण काढायला आणि रात्री बाहेर राहायला माझी बायको जाणार नाही. आई (ती वडूजला असते) म्हणते, कर, पण पोरं थोडी मोठी होऊ देत. एसटी स्टँडजवळ एक क्लास आहे, एक वर्षाचा नर्सिंग डिप्लोमा, फी ४५ हजार, नोकरीची हमी देतात. तो करू का? की माझं वय निघून गेलं?»

वयानं मी तुझ्या आईच्या बरोबरीची, म्हणून अगं-तुगं करते. राग मानू नकोस.

पत्रातली एक ओळ मी मागे जाऊन परत वाचली. सव्वा वर्ष अंथरुणाला खिळलेलं माणूस, आणि पाठीला एक जखम नाही. ज्यांनी हे काम कधी केलं नाही त्यांना यात विशेष काही वाटणार नाही. मी वॉर्डात तेहेतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ इनचार्ज म्हणून. बेडसोअर, म्हणजे पडून पडून जखम, झालेला पेशंट आला की चादर बाजूला करतानाच कळायचं, या माणसासाठी रात्री कुणी उठलेलं नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे रात्री दहाला, बाराला, दोनला, चारला उठायचं. तेव्हा तुझे मिस्टर ज्या रात्रपाळीचं नाव काढतात ती तू सव्वा वर्ष केलेलीच आहेस. पगार तेवढा मिळाला नाही.

आता कामाचं बोलू. आधी ते ४५ हजार.

भरू नकोस. महाराष्ट्रात नर्स म्हणून काम करायचं तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत, आम्ही सगळ्या जिला नुसतं कौन्सिल म्हणतो तिथं, नाव नोंदलेलं असावं लागतं. तिथं नाव लागायला तुझ्यासारखीला वाटा तीनच: दोन वर्षांचा एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका), तीन वर्षांचा जीएनएम (जनरल नर्सिंगचा डिप्लोमा), नाहीतर चार वर्षांची पदवी, बी.एस्सी. नर्सिंग. एका वर्षात होणारी वाट नाही. त्यामुळे «एक वर्षाचा नर्सिंग डिप्लोमा» असं कुणी म्हटलं की समजायचं, याच्या शेवटी कौन्सिलचा नंबर नाही. अशा क्लासमध्ये शिकवतात ते पेशंट केअरचं काम, म्हणजे अंग पुसणं, बेड करणं, पेशंटला एक्स-रेला नेणं. काम वाईट नाही, घरोघरी त्याला मागणीही आहे. पण त्याला नर्सिंग म्हणत नाहीत, आणि दहा वर्षं केलं तरी त्यातून माणूस नर्स होत नाही. माझ्या वॉर्डात अशी एक बाई होती. हात इतका हलका की पेशंट तिचंच नाव घेऊन हाका मारायचे. तिनंही कुठंतरी असेच पैसे भरले होते, बहुतेक मंगळसूत्र गहाण टाकून. मी रिटायर होईपर्यंत ती मावशींच्याच पगारावर होती.

पुन्हा कुणी कोर्स गळ्यात मारायला लागलं तर एकच विचारायचं: परीक्षा कोण घेतं? एएनएम आणि जीएनएमची परीक्षा राज्याचं शुश्रूषा शिक्षण मंडळ घेतं, बी.एस्सी.ची नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. «आमची संस्थाच घेते» किंवा दिल्लीच्या कुठल्यातरी मंडळाचं लांबलचक नाव ऐकू आलं, की चप्पल घालायची आणि निघायचं. नोकरीची हमी तर कुठलीच चांगली नर्सिंगची शाळा देत नाही. त्यांना गरज पडत नाही. आणि ज्या शाळेत अर्ज करशील तिला भारतीय परिचर्या परिषदेची आणि आपल्या कौन्सिलची मान्यता आहे का, ते दोन्हींच्या संकेतस्थळावर स्वतः बघ. भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या कागदावर विसंबू नकोस.

आता तुझा खरा प्रश्न, वयाचा. वय निघून गेलेलं नाही, पण गाडी फलाटाला लागलेली आहे आणि ड्रायव्हर चढलेला आहे. एएनएमला आणि जीएनएमला, दोन्हीकडे प्रवेशाच्या वेळी वय जास्तीत जास्त ३५ चालतं. म्हणजे तुझ्या हातात हा हंगाम आहे आणि पुढचा. तिसऱ्याची आशा धरू नकोस. वय कोणत्या तारखेला मोजतात ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं, तुझ्या बाबतीत ती एक ओळ बाकी सगळ्या पानांपेक्षा महत्त्वाची.

बी.एस्सी.चा विषय लगेच संपतो. त्याला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी लागतं. एएनएमला कोणत्याही शाखेची बारावी चालते. जीएनएमलाही आर्ट्स चालतं, सायन्सवाल्यांना प्राधान्य असतं इतकंच, पण बारावीला किमान ४० टक्के हवेत आणि इंग्रजीत वेगळे ४० टक्के हवेत. तुला एकूण ५४ आहेत. इंग्रजीचे किती, ते लिहिलं नाहीस. ट्रंक उघडून मार्कशीट बघ. माझ्या ओळखीची एक मुलगी या एका आकड्यावर अडली होती, आणि ते तिला कळलं कधी, तर फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी.

मग एएनएम की जीएनएम? इथं मी जरा थांबून बोलणार आहे, कारण तुला सगळे एएनएम सांगतील. दोनच वर्षं, त्यातले शेवटचे सहा महिने तर इंटर्नशिप, अभ्यास सोपा, बाईच्या जातीला बरं. एएनएम म्हणजे मुख्यतः गावाकडची आरोग्य सेविका. उपकेंद्रावर बसायचं, सपाटीच्या भागात साधारण पाच हजार लोकवस्ती तुझ्या नावावर, गरोदर बायकांची नोंद, लसीकरण, बाळंतपण, घरभेटी आणि रजिस्टरं. रजिस्टरांची संख्या तुला तिथली कुठलीही सिस्टर उसासा टाकून सांगेल. काम फार मोलाचं आहे, गावात मान आहे. पण या शिक्षणाचं चीज होतं ते सरकारी नोकरीत, आणि सरकारी नोकरीला पुन्हा वय आडवं येतं. राज्यात सरळसेवा भरतीला खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही मर्यादा आहे. तुझा प्रवर्ग तू लिहिला नाहीस. खुला असेल तर हिशोब असा पडतो: चौतिसाव्या वर्षी एएनएमला लागलीस, छत्तिसाव्या वर्षी पास झालीस, हातात उरली दोन वर्षं. त्या दोन वर्षांत जिल्हा परिषदेची जाहिरात निघायला हवी, तुझा नंबर लागायला हवा. जाहिरात कधी निघेल ते देवालाही माहीत नसतं. नाही निघाली तर एएनएमच्या कागदावर तुला तालुक्याच्या ठिकाणच्या दहा-पंधरा बेडच्या दवाखान्यात राहावं लागेल, आणि तिथं काय देतात ते मी लिहीत नाही, तू चौकशी करून ये.

जीएनएमला तीन वर्षं लागतील. सदतिसाव्या वर्षी बाहेर पडशील, म्हणजे खुल्या प्रवर्गातून सरकारी नोकरीचा जवळपास नादच सोडायचा. पण जीएनएमची सिस्टर साताऱ्यात, कराडला, पुण्यात, कुठल्याही शंभर-दोनशे बेडच्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स म्हणून लागते, आयसीयू शिकते, ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर शिकते, आणि तिचं वय तिथं कुणी फारसं विचारत नाही. उलट चाळिशीची सिस्टर कॅज्युअल्टीला असली की नातेवाईकांचा आवाज आपोआप एक पट्टी खाली येतो, हे मी पाहिलंय. पुढं दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं. मी तुझ्या जागी असते तर जीएनएमचा अर्ज आधी भरला असता.

एक अपवाद सांगते. जीएनएमची जागा लांबच्या जिल्ह्यात आणि हॉस्टेलला राहूनच मिळत असेल, आणि एएनएमची साताऱ्यात मिळत असेल, तर साताऱ्याची घे. पाच वर्षांचं पोर सोडून तीन वर्षं हॉस्टेलला राहणं हा वेगळाच निर्णय आहे, तो मी तुला कागदावरून सांगणार नाही. आणि एएनएम झालेल्या बाईला पुढं जीएनएम करायचं म्हटलं तर ३५ ची अट लागत नाही. हे दार उघडं राहतं. पाच-पाच वर्षं शिकत राहायची उमेद नंतर कितीजणींना राहते ते सोड, पण दार राहतं. तुझा प्रवर्ग राखीव असेल आणि ४३ पर्यंत मुभा असेल, तर मात्र माझं वरचं सगळं गणित थोडं बदलतं आणि एएनएमचं पारडं जड होतं.

पैशांचं. सरकारी आरोग्य सेविकेची वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगानुसार २५,५०० पासून सुरू होते, स्टाफ नर्सची ३५,४०० पासून, वर भत्ते. खाजगीत असा काही नियम चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये सांगितल्यावर केंद्र सरकारनं एक समिती नेमली होती. ५० बेडपेक्षा लहान हॉस्पिटलातही नर्सला महिन्याला २० हजारांच्या खाली पगार नको, आणि २०० बेडच्या वरच्या हॉस्पिटलात सरकारी नर्सएवढा पगार हवा, अशी तिची शिफारस होती. ती शिफारसच राहिली. तरी हा २० हजारांचा आकडा लक्षात ठेव. मुलाखतीला जाशील तेव्हा समोरच्याला तो माहीत असतोच, तुला माहीत आहे हे त्यालाही कळू दे.

याच कारणासाठी मला तुझ्या पत्रातली दुसरी एक ओळ आवडली नाही: «मला सेवेची आवड आहे.» खरी असेल, आहेच. पण घरी बोलताना हा शब्द वापरू नकोस. सेवा म्हटलं की पगार मागताना आपल्यालाच चोरट्यासारखं वाटायला लागतं आणि मालकाला आयतं फावतं. घरच्यांनाही वाटतं, सेवाच करायची तर घरात काय कमी आहे? तू शिक्षण घेऊन नोकरी करणार आहेस, असं म्हण. आम्ही पूर्ण हयात सिस्टर, सिस्टर, त्यागाची मूर्ती असं ऐकत काढली आणि ओव्हरटाइमचे पैसे मागायला संप करावे लागले.

आणखी एक, जरा कडू आहे. सासूबाई एक होत्या. आपल्या होत्या, नाहीतर निदान घरातल्या होत्या. वॉर्डात तीस बेड आणि दोन सिस्टर असतात. एकाची कूस बदलायला जावं तर दुसऱ्याचं सलाईन संपलेलं असतं, तिसऱ्याचे नातेवाईक व्हिडिओ काढत उभे असतात. सासूबाईंना तू जसं सांभाळलंस तसं एकालाही सांभाळता येणार नाही, आणि ते मनाला लागतं. पहिल्या वर्षी मुली सोडून जातात त्या घाणीमुळं जात नाहीत, या अर्धवटपणामुळं जातात. म्हणून फॉर्म भरायच्या आधी एक कर. ज्या सिस्टर तुझ्या घरी यायच्या त्यांना गाठ. त्यांनी तुला शिकवलंय म्हणजे माणूस चांगलं असणार. त्यांचं शिक्षण काय, पगार किती हातात येतो, आठवड्यात नाईट किती, कंबर कशी आहे, हे सगळं विचार. शक्य असेल तर त्यांच्यासोबत सिव्हिलच्या फीमेल मेडिकल वॉर्डाच्या दारात सकाळी आठला उभी राहा, एक ड्युटी ओव्हर देते आणि दुसरी घेते तेव्हा. त्या अर्ध्या तासात तुला कळेल, हे आपलं आहे की नाही.

आता मुलं.

तुझ्या आईनं सांगितलेलं सगळ्यात समजूतदार वाटतं, आणि नेमकं तेच ऐकू नकोस. «पोरं थोडी मोठी होऊ देत.» थोडी म्हणजे किती? मुलगा सात वर्षांचा होईल तेव्हा तू पस्तिशी ओलांडलेली असशील. पोरं मोठी होतील, दार बंद झालेलं असेल, आणि मग आयुष्यभर मनात त्या पोरांच्या नावावर एक उधारी राहील. त्यांना न विचारता मांडलेली. ते बरं नाही.

पण सोपं जाईल असंही मी म्हणणार नाही. माझी मुलगी चार वर्षांची असताना भातुकली खेळायची. ती आई व्हायची, बाहुलीला झोपवायची, मग माझी जुनी पर्स खांद्याला अडकवून दाराबाहेर जायची आणि बाहेरच उभी राहायची. बराच वेळ. तिच्या खेळात आईचं काम तेच होतं. मी नाईट करून आले होते, चहाचा कप हातात होता, आणि मी ते पाहत होते. आता विचारलं तर तिला त्यातलं काही आठवत नाही म्हणते. मला आठवतं. तुलाही असलं काहीतरी दिसेल, तयारी ठेव.

त्यामुळे आईला नुसतं «कर» म्हणून सोडू नकोस. तिला नेमकं विचार: पाऊस पडतोय, मंगळवार आहे, मला साडेसहाची एसटी पकडायची आहे, तर मुलाचा डबा कोण भरणार आणि त्याला शाळेत कोण सोडणार? आई वडूजहून तीन वर्षं येऊन राहणार का? की पोरं वडूजला जाणार? की जाऊबाईंना महिन्याला काही ठरवून द्यायचं? ठरवून दिलेलं केव्हाही चांगलं, उपकाराचं ओझं दिवाळीपर्यंत टिकतं आणि मग भांडण होतं. नर्सिंगच्या शिक्षणात हजेरीची सूट नसते. वर्गाची ८० टक्के लागते, आणि वॉर्डातले तास तर शंभर टक्के भरून द्यावे लागतात. पोराला ताप आला म्हणून घरी राहिलीस तर तो दिवस नंतर फेडावाच लागतो, बाकीच्या मुली सुट्टीवर जातात तेव्हा. वर्षाला असे आठ-दहा दिवस धरूनच चाल.

आणि हे ठासून सांगते: नऊ वर्षांच्या मुलीला पाच वर्षांच्या भावाची आई करू नकोस. सगळ्यात सोयीचं तेच असतं, मुलीही हौसेनं करतात, शेजारणी कौतुक करतात. तू नर्स व्हावीस आणि तिचं बालपण त्यात खर्ची पडावं, हा सौदा मला मान्य नाही. तिनं दप्तर भरावं, भावाशी भांडावं. बाकी कुकर मोठ्या माणसांनी लावावा. कुकरवरून आठवलं, तुझे मिस्टर.

त्यांच्या आईची घाण तूच काढत होतीस, हे वाक्य तुझ्या जिभेवर येईल. आतापर्यंत आलंही असेल. भांडणात ते बोलू नकोस. ते खरं आहे म्हणूनच ते त्यांना सहन होणार नाही, आणि पुढचे सहा महिने विषय बंद होईल. माझा अनुभव असा की नवऱ्यांची तक्रार घाणीची नसते आणि बहुतेक वेळा रात्रीचीही नसते. टेम्पोवाला माणूस स्वतः रात्री-अपरात्री बाहेर असतोच की. भीती असते ती पारावर काय बोलतील याची, आणि दुसरी, जी ते कधी बोलून दाखवत नाहीत, बायको आपल्यापेक्षा जास्त कमवायला लागली तर काय. पहिलीवर औषध आहे. त्यांना सोबत घेऊन नर्सिंगच्या शाळेत जा. गेट, वॉचमन, हॉस्टेल, मेट्रनच्या (सगळ्या नर्सच्या वरच्या मुख्य बाईंच्या) ऑफिसबाहेर रांगेत उभ्या असलेल्या मुलींचे बाप, हे त्यांनी डोळ्यांनी बघू दे. मेट्रनशी पाच मिनिटं बोलू दे. भल्याभल्यांचा आवाज त्या खोलीत मऊ झालेला मी पाहिलाय. दुसरीवर टेम्पोच्या हप्त्याचं गणित मांड. किती हप्ते राहिलेत, डिझेल किती जातं, आणि घरात दुसरा पगार आला तर काय होईल. लगेच हो म्हणणार नाहीत. फॉर्म भरायला त्यांचं हो लागत नाही, तीन वर्षं निभावायला लागेल, म्हणून आत्तापासून सुरुवात कर.

लोक म्हणतील, या वयात? त्यांना हे माहीत नसतं की आपल्याकडे सुरुवातीच्या काळात नर्सिंग शिकायला गेलेल्यांत अशा बायकाही होत्या. रमाबाई रानड्यांनी पुण्यात १९०९ ला सेवासदन सुरू केलं, आणि तिथल्या बायका ससूनमध्ये नर्सिंग शिकायला जायला लागल्या. त्यांत विधवा होत्या, प्रौढ बायका होत्या, ज्यांनी पाटी-पेन्सिलच उशिरा हातात घेतली होती. नर्सिंग म्हणजे अठरा वर्षांच्या अविवाहित मुलींचं काम, ही समजूत पुढं रूढ झाली. आमच्या वेळी ट्रेनिंग संपेपर्यंत लग्न करायलाच परवानगी नव्हती, आणि आम्हालाही तेच बरोबर वाटायचं. तुझ्या वर्गात तुझ्याहून पंधरा वर्षांनी लहान मुली असतील. पहिला महिना त्या तुला काकू म्हणतील. पहिलं बाळंतपण बघताना त्यातली एखादी चक्कर येऊन पडेल आणि तिला तूच धरशील, त्यानंतर ताई म्हणतील.

कागदपत्रांचं आत्ताच बघ, कारण लग्न झालेल्या बाईचं इथंच अडतं. मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या नावावर, आधार सासरच्या नावावर. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र काढलेलं आहे का? नसेल तर ग्रामपंचायतीत या आठवड्यात जा. नाव बदलाचं राजपत्रही करून घे, ते यायला वेळ लागतो. मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. जातीचा दाखला माहेरकडचाच चालतो, वडिलांच्या कागदांवरून. त्याची पडताळणी झाली आहे का बघ, ती सगळ्यात जास्त रखडते. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर करायचा असतो, त्याला उत्पन्नाचा दाखला लागेल. आणि हिपॅटायटिस बीची लस घ्यायला सुरुवात कर, तीन डोस असतात, पहिला आज घेतलास तर दुसरा महिन्यानं आणि तिसरा सहा महिन्यांनी. वॉर्डात पाऊल टाकायच्या आधी ते झालेलं असलं म्हणजे बरं. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढा एक खर्च तरी सरकारनं २०२३ पासून कमी केलाय.

इंग्रजीची भीती तू लिहिली नाहीस, पण असणार. जीएनएमची बहुतेक पुस्तकं इंग्रजीत आहेत. सासूबाईंच्या औषधांच्या चिठ्ठ्या ठेवल्या असतील तर काढ. त्यावर ओडी, बीडी, टीडीएस, एचएस, एसओएस असं लिहिलेलं असेल. सव्वा वर्ष तू ते वाचून औषधं दिलीस, म्हणजे दिवसातून एकदा, दोनदा, तीनदा, झोपताना आणि लागलं तरच, हे तुला येतंच. सुरुवात तिथून झालेली आहे.

आणि एक गणित देते, मुलीला अभ्यासाला बसवशील तेव्हा तिच्या शेजारी बसून सोडव. ५०० मिलीची सलाईनची बाटली आठ तासांत संपवायची आहे. सलाईनच्या नळीचा सेट असा आहे की २० थेंबांचा एक मिली होतो. मिनिटाला किती थेंब पडले पाहिजेत? घड्याळ आणि बोट, एवढ्यावर हे आम्ही रात्रभर करत आलो. उत्तर एकवीसच्या जवळपास आलं तर मला कळव, आणि इंग्रजीचे मार्कही.